पुणे शहराच्या विशेष संदर्भात

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली निम्मी मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेली असतात, उरलेली नुसतीच बसलेली असतात, आणि त्यांतून एखादाच असा निघतो, जो प्रकल्पाला ‘रिसर्च’ म्हणतो. ‘सर, प्रोजेक्ट कधीपर्यंत द्यायचाय?’ असं विचारणाऱ्यापासून शिक्षकाच्या जिवाला काही धोका नसतो. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उगवतो, सही घेतो आणि आपल्या आयुष्यातून निघून जातो. पण ‘सर, माझ्या रिसर्चविषयी जरा बोलायचं होतं’ असं जो जूनमध्येच म्हणतो, तो भेटला की वर्षभर डबा शांतपणे खायचं विसरायचं.

स्टाफरूममध्ये आम्ही या जातीला ‘विशेष संदर्भ’ म्हणतो. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात पारदर्शक फाइल, फाइलीत एकच कागद आणि कागदावर फक्त शीर्षक. शीर्षकाखाली स्वतःचं नाव आणि त्याच्याखाली, मी अजून हो म्हटलेलं नसताना, ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं.

यंदाच्या आमच्या विशेष संदर्भाचं पहिलं शीर्षक होतं, ‘जागतिकीकरणाचा भारतीय अर्थव्यवस्थेवर झालेला परिणाम : पुणे शहराच्या विशेष संदर्भात’.

“अरे, १९९१ पासूनचं सगळं तू एकटा उरकणार?”

“नाही सर, पार्टनर पण आहे.”

हा पार्टनर पुढे कधी कुणाला दिसला नाही. मुखपृष्ठावर मात्र तो शेवटपर्यंत टिकला.

मग काटछाट सुरू झाली. जागतिकीकरणावरून तो असंघटित क्षेत्रावर आला, तिथून फेरीवाल्यांवर, फेरीवाल्यांवरून भाजी विक्रेत्यांवर आणि भाजी विक्रेत्यांवरून त्यांच्या यूपीआय वापरावर. जगापासून निघून तो कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचला तेव्हा गणपती बसले होते. शीर्षकाचं डोकं असं दर आठवड्याला बदलत गेलं, पण ‘पुणे शहराच्या विशेष संदर्भात’ हे शेपूट त्याने सोडलं नाही. ते नसेल तर रिसर्चसारखं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. ग्रंथालयात एमफिलच्या जुन्या प्रबंधांच्या पाठी वाचत उभं राहिलं तर त्याची बाजू भक्कम आहे, हे कबूल करावंच लागतं.

पूर्वसाहित्याचा आढावा त्याने एका रात्रीत आणला. वीस संदर्भ होते. सगळे चॅटजीपीटीने दिलेले. लेखक खरे होते, विद्यापीठं खरी होती, पण त्यांतली निम्मी पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. हे त्याला दाखवलं तेव्हा तो जरा वेळ हळहळला आणि म्हणाला, “पण सर, नावं किती परफेक्ट आहेत! कुणीतरी लिहायला पाहिजेत ही.”

तो राहतो पिंपळे सौदागरला, अकराव्या मजल्यावर. मी त्याला म्हटलं, ज्या मातीवर तुझं पार्किंग आहे, ती हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रातली फार मोठी जागा आहे. हॅरॉल्ड मॅन नावाचा इंग्रज पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तुझं गाव घरन् घर, वावरन् वावर पाहिलं आणि १९१७ साली त्यावर पुस्तक काढलं. १७७१ मध्ये तिथे सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, त्यात या अभ्यासाचा आधार घेतला.

तो खरोखर भारावला. डोळे मोठे करून म्हणाला, “आमच्या सौदागरमध्ये? सर, मॅन सरांचा नंबर मिळेल?”

मॅन १९६१ साली वारले, हे सांगताना माझ्याच गळ्यात आवंढा आला. पण त्याने धीर सोडला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने ते ४० आणि ७ एकर टाकले. खाली सेक्रेटरींचं उत्तर आलं, की पार्किंगच्या जागेविषयीच्या तक्रारी फक्त ईमेलवर स्वीकारल्या जातील.

गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातही मी त्याला धाडलं. तिथे बसून त्याने धनंजयराव गाडगीळांची पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी चाळली, १९४५ साली प्रसिद्ध झालेली. परत आला तो गप्प गप्प. मला वाटलं, वाचून दमला असेल. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, एवढी कोष्टकं त्यांनी एक्सेलशिवाय केली?” वर्षभरात त्याच्या आवाजात इतका आदर मी फक्त तेवढाच ऐकला. पुढचं वाक्य होतं, “पण एकही पाय चार्ट नाही हो.”

मग परिकल्पना. शून्य परिकल्पना लिहायची असते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने लिहिली : विक्रेत्यांचे शिक्षण आणि यूपीआयचा वापर यांच्यात कोणताही संबंध नाही. पुढे आकडेवारी पाहून ती नाकारायची किंवा नाकारायची नाही, असं मी म्हटल्यावर तो चपापला.

“वर्षभर एवढी मेहनत करायची आणि शेवटी रिजेक्ट?”

“अरे, नाकारली गेली तर संशोधकाला उलट आनंद होतो.”

“म्हणजे आधी आपणच खोटं लिहायचं आणि मग ते खोटं आहे म्हणून आनंद मानायचा?”

फिशर यांनी शून्य परिकल्पना हे नाव रूढ केलं ते १९३५ च्या पुस्तकात. तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इतकं थोडक्यात लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. त्यांतला पहिला ‘आपण भाजी विकता का?’ असा होता. मी म्हटलं, आधी चार जणांना विचारून बघ, यालाच पायलट सर्व्हे म्हणतात. ‘पायलट’ हा शब्द त्याला इतका आवडला, की त्याने मलाही बरोबर ओढलं. एका संध्याकाळी आम्ही शिवार चौकात एका मावशींच्या हातगाडीसमोर उभे राहिलो. त्याच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात मोबाइल, मोबाइलवर गूगल फॉर्म.

“मावशी, फक्त दोन मिनिटं.”

“काय देऊ?”

“काही नको, माहिती पाहिजे.”

“मेथी वीस, पालक पंधरा.”

“भाजीची नाही, तुमची माहिती. आपण डिजिटल व्यवहारांबाबत कितपत समाधानी आहात? पूर्णपणे समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, पूर्णपणे असमाधानी?”

मावशी गवार निवडत होत्या. त्यांनी हात थांबवून त्याच्याकडे नीट पाहिलं. “यातलं तुला कुठलं लागतंय?”

“मला कुठलंच नाही. तुमचं खरं मत सांगा.”

“ते झालं रे. पण मार्क कशानं पडतील?”

लायकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तेव्हा उत्तर देणारा माणूस विचारणाऱ्यावर एवढी माया करील, अशी त्यांची कल्पना नसावी.

मासिक उत्पन्नाचा प्रश्न आला आणि ही माया आटली. “कुठल्या हापिसातनं आलायस?” मावशींनी विचारलं, आणि तेही मोठ्याने. शेजारच्या शहाळेवाल्याने ते ऐकून गाडीच्या चाकाखालची वीट काढली. पलीकडचा लिंबूवाला टोपली उचलून गल्लीत शिरला. अतिक्रमणवाले आले, ही बातमी चौकभर व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आमच्या विशेष संदर्भाने गळ्यातलं ओळखपत्र उंच धरलं, तेव्हा उरलेलेही पळाले.

मावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्याकडे फेरीवाल्याचं प्रमाणपत्र होतं. त्यांच्या वजनकाट्याशेजारी क्यूआरची पाटी उभी होती. त्याने पुढचा प्रश्न वाचला, ‘आपण यूपीआयद्वारे पैसे स्वीकारता का? होय किंवा नाही.’

“दुपारनंतर होय,” मावशी म्हणाल्या.

“आणि सकाळी?”

“सकाळी पालथी घालते पाटी. विचारलं कुणी तर सांगते, चालत नाही.”

असं का, ते मी विचारलं, कारण त्याच्या फॉर्ममध्ये ‘असं का’ हा रकाना नव्हता. मावशींनी गवारीवरची नजर न उचलता सगळा हिशोब मांडला. पहाटे मोशीच्या बाजारात माल भरायला, हमालाला, टेम्पोला हातात रोख लागते. खातं त्यांच्या नावावर आहे, पण मोबाइल लेकाचा, आणि त्याच खात्यातून लेकाच्या गाडीचा हप्ता कापला जातो. म्हणजे स्कॅन करून आलेला रुपया खात्यात पडतो आणि त्याची मोटरसायकल होते. म्हणून सकाळच्या गिऱ्हाइकाकडून रोख घ्यायची. उद्याच्या मालापुरते पैसे गल्ल्यात जमले की पाटी सुलटी करायची. मग संध्याकाळचा धंदा लेकाचा. मध्यंतरी स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज काढलं होतं, तेव्हा स्कॅनवर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परत मिळायचे. त्या दिवसांत पाटी सकाळपासून सुलटी असायची.

फेरीवाल्यांना केंद्र सरकारची ही योजना मिळाली ती २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर. डिजिटल व्यवहार केले की थोडे पैसे परत, ही तिच्यातली अट नव्हती, आमिष होतं. आमिष किती लागू पडलं आणि कुठवर पुरलं, याचं उत्तर माझ्यासमोर गवार निवडत उभं होतं. घरात पैसा कुणाच्या हाती जातो यावर त्याचा खर्च कुठे होतो हे ठरतं, हेही वर्गात मी तीन तासिका घेऊन शिकवतो आणि मुलं जांभया देतात.

मी वळून पाहिलं. विशेष संदर्भ घामाघूम झाला होता. “मावशी, एकच काहीतरी सांगा ना. होय लिहू का नाही?”

“लिही काय पण. मेथी घेतोस का?”

त्याने मेथी घेतली. पैसे स्कॅन करून दिले, कारण संध्याकाळ होती.

नमुन्याचा आकार किती, यावर मात्र त्याचं मत पक्कं होतं : ३८४. पंचाण्णव टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चुकीची मुभा धरली की सूत्रातून हाच आकडा बाहेर पडतो. लाखाची वस्ती असो की कोटीची, त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पदवीच्या मुलांत या आकड्याचं स्थान देव्हाऱ्यातलं आहे. त्याची पूजा सगळे करतात, दर्शन कुणालाच होत नाही.

दिवाळीपर्यंत याचे एकतीस फॉर्म भरून झाले होते. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी तो धावत आला : “सर, ३८४ पूर्ण!”

मी यादी उघडली. पुणे शहरातले बहुसंख्य भाजी विक्रेते वीस ते एकवीस वर्षांचे निघाले. त्यांचं शिक्षण एकजात टीवायबीए. ‘व्यवसायातील अनुभव’ या रकान्यात ‘पाच सेमिस्टर’. ‘सर्वाधिक खपणारा माल’ या रकान्यात मॅगीने कांद्याला कधीच मागे टाकलेलं होतं. नागपूरच्या एका विक्रेतीने व्यवसाय ‘निवृत्त शिक्षिका’ लिहिला होता आणि सूचनांच्या जागी ‘आजकालची मुलं पालेभाज्या खात नाहीत, बाळा तू तरी खा’. ती त्याची आत्या.

“ही सोयीस्कर नमुना निवड पद्धत आहे सर,” तो म्हणाला. “पुस्तकात आहे.”

आहे, पुस्तकात खरंच आहे. तिची सोय इतक्या मनापासून कुणी करून घेतली नसेल, एवढंच. मी होस्टेलातले सगळे भाजीवाले काढून टाकायला लावले. आत्याबाईंना काढताना त्याला फार जड गेलं. मग तो पुन्हा चौकात गेला, आणि हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, की पहाटेही गेला. हिवाळ्यात, स्वेटर घालून. शेवटी साठच्या आसपास खरी माणसं मिळाली. ‘संशोधनाच्या मर्यादा’ या प्रकरणात त्याने याचं कारण ‘वेळेचा अभाव’ असं दिलं.

जानेवारीत एका सकाळी स्टाफरूमचं दार जोरात उघडलं. “सर, आर-स्क्वेअर एक आला!”

समाजशास्त्राच्या मॅडमच्या हातातला चहा सांडला. त्यांना वाटलं निकाल लागला. अर्थशास्त्रात आर-स्क्वेअर ०.४ आला तरी लोक पेढे वाटतात, एक म्हणजे काहीतरी भयंकर. मी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला. नफा कशावर अवलंबून असतो हे शोधण्यासाठी त्याने एका बाजूला नफा घातला होता आणि दुसऱ्या बाजूला विक्री, खरेदी आणि खर्च. नफ्याचा रकाना त्याने मुळात भरला होता तोच विक्रीतून खरेदी आणि खर्च वजा करून.

“अरे, तू वजाबाकी सिद्ध केलीस.”

तो क्षणभर थांबला. “पण सिग्निफिकंट आहे ना सर?”

त्या लॅपटॉपवर मी मावशींना शोधायला लागलो. सापडेनात. विचारलं तर म्हणाला, त्यांचं उत्तर होयमध्येही बसत नव्हतं आणि नाहीमध्येही, म्हणून आउटलायर समजून काढलं. डेटा क्लीन केला. साठ माणसांतून त्याने वेचून काढून टाकली ती नेमकी एकच, जिने त्याला काहीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, बाकी सगळं जाळलंस तरी चालेल, पण मावशींचं लिही. आणखी कोण कोण पाटी पालथी घालतं तेही विचारून ये. तो विचारून आला. पालथी घालणारे बरेच निघाले. कुणी हप्त्यासाठी, कुणी नवऱ्यापासून लपवण्यासाठी, तर एकाचा साउंडबॉक्स आकडा इतक्या मोठ्याने ओरडायचा, की घासाघीस केलेलं गिऱ्हाईक ऐकून परत भांडायला यायचं. सगळं त्याने वहीत टिपून आणलं होतं. वही माझ्यासमोर ठेवून त्याने हताशपणे विचारलं, “पण सर, याचा पाय चार्ट कसा काढू?”

तेव्हा ते परिशिष्टात गेलं, कारण परिशिष्टात काहीही चालतं. मुख्य प्रकरणांत काय चालतं ते मी ठरवत नाही. ते कॉलेजसमोरचे झेरॉक्सवाले काका ठरवतात. काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, डावीकडे दीड इंच समास. त्यांच्या दुकानात जितके प्रकल्प बांधले गेलेत तितके कुठल्याही प्राध्यापकाने वाचलेले नाहीत. मी मान्य केलेला मजकूर काकांनी तपासला आणि मोठी उणीव काढली : सूचना पाचच आहेत. दहा हव्यात. पाचच दिल्या तर परीक्षकाला वाटतं, मुलाने कष्ट घेतले नाहीत.

मग सूचना दहा झाल्या. रिझर्व्ह बँकेने लक्ष घालावे. शासनाने योग्य ती पावले उचलावीत. महापालिकेने सहकार्य करावे. बँकांनी आपुलकीने वागावे. विक्रेत्यांनी स्मार्टफोन घ्यावा. टीवायचा मुलगा रिझर्व्ह बँकेला जितक्या मोकळेपणाने सुनावतो, तितकं दिल्लीत अर्थमंत्र्यांनाही जमत नसेल. ऋणनिर्देश साडेतीन पानांचा होता. त्यात आई-वडील, प्राचार्य, मी, ग्रंथपाल, दिवंगत मॅन सर आणि काका, सगळे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते नेमके चिंचवडचे. त्यांनी मुखपृष्ठ वाचलं, मग नमुन्याचं क्षेत्र वाचलं, आणि चष्मा काढला.

“पिंपळे सौदागर पुणे शहरात कधीपासून?”

“सर, पत्त्यात आम्ही पुणेच लिहितो.”

“आमची महापालिका वेगळी आहे. १९८२ पासून.”

“म्हणूनच तर ‘विशेष’ संदर्भ म्हटलंय सर.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. परीक्षकांचा चेहरा लाल झाला होता, आणि पाय चार्टांची पानं ते ज्या वेगाने उलटत होते, त्यावरून मार्कांचा अंदाज येत होता. असं करत ते परिशिष्टाशी पोचले आणि थांबले. वाचलं. परत वाचलं.

“म्हणजे स्कॅनर बंद नसतो?”

झालं. आमच्या विशेष संदर्भाला कंठ फुटला. हप्ता, हमाल, मोशीची पहाट, शंभर रुपयांचा परतावा, ओरडणारा साउंडबॉक्स, सगळं तो कागदाकडे न बघता बोलला. त्यात एकदाही ‘वरील आलेखावरून असे दिसून येते’ आलं नाही. परीक्षक ऐकत राहिले. शेवटी स्वतःशीच म्हणाले, “आणि मी दोन वर्षं त्या बाईला मोबाइल दुरुस्त कर म्हणून सांगतोय.” मार्क चांगले पडले.

मे महिन्यात तो पुन्हा आला. आता एमएसाठी परदेशी अर्ज करायचा होता आणि शिफारसपत्र हवं होतं. माझा वेळ वाचावा म्हणून पत्र तो लिहूनच घेऊन आला होता. मी त्यात स्वतःला त्याच्याविषयी फारच चांगलं बोलताना वाचलं. बरोबर त्याचं स्वतःचं निवेदनही होतं. त्याची सुरुवातच मावशींपासून होती : एका पहाटे एका पालथ्या पाटीने माझा अर्थशास्त्राकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, वगैरे. आउटलायरचा कुठे उल्लेख नव्हता. ती पाटी आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा संध्याकाळ होती आणि ती सुलटी होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

“सर, एकच अडचण आहे,” तो म्हणाला. “‘मावशी’ बरोबर वाटत नाही. ‘तळागाळातील महिला उद्योजिका’ लिहू का?”

“मला काय विचारतोस? त्यांनाच विचार.”

त्याला ते एकदम पटलं. त्याने तिथल्या तिथे मोबाइल काढला, फॉर्म उघडला आणि त्रेचाळिसावा प्रश्न टाइप केला : आपल्याला महिला उद्योजिका म्हटलेले आवडेल का? पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. मग जरा थांबून, माझ्याकडे एक नजर टाकून, त्याने खाली आणखी एक पर्याय घातला : दुपारनंतर.